मोटर बंद असताना

२४ नोव्हेंबर, सोमवार

आमच्या टीमच्या प्रमुख महादेवीताईंनी आज सगळ्या लहरी टेस्ट माझ्या गळ्यात बांधल्या. टीममधल्या कुणालाच त्या नको होत्या. नवी सून आली की मागच्या दारची भांडी तिच्या वाट्याला, तसलाच प्रकार. पण खरं लिहायचं तर मला आतून गुदगुल्या झाल्या. लहरी माणसं मला आवडत नाहीत. लहरी मशीन मात्र लई आवडतं, कारण मशीनला लहर नसते. असली तर तिला कारण असतं.

संध्याकाळी आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "तुला नेमकं करायचं काय असतं गं?" मग तिला समजावून सांगितलं. प्रोग्राम चुकायला लागला की त्याला मधेच थांबवून त्याच्या पोटात काय चाललंय ते बघायला दुसरा प्रोग्राम लागतो. त्याला डीबगर म्हणतात. आमच्या कंपनीचा डीबगर काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांत चालतो. वरच्या चौकटीत कोडच्या ओळी असतात आणि चालू ओळीपुढं एक बाण. खालच्या चौकटीत हुकूम लिहायची जागा. 'पुढं' म्हटलं की बाण एक ओळ खाली सरकतो आणि खाली एक खूण येते, म्हणजे 'झालं, आता पुढचं सांगा'. हे सगळं नीट चालतंय का ते तपासायला तिसरा प्रोग्राम, तीच टेस्ट. ती माणसासारखी बटणं दाबते, पडदा वाचते, बाण हवा तिथं असला की पास म्हणते, नसला की फेल.

आई म्हणाली, "म्हंजे चुकणाऱ्यावर एक राखण, अन् राखणीवर आणिक एक राखण."

"व्हय. आणि ती शेवटची राखणच बिघडलीय. कोड तोच, लॅपटॉप तोच. सकाळी पास म्हणते, दुपारी फेल."

"मग तिच्यावर कोण?"

"मी!"

आईनं भाकरी उलटली.

आता मुद्द्याचं. डिसेंबरबरोबर माझी प्रोबेशनची, म्हणजे नोकरीतल्या परीक्षेची, मुदत संपते. तोवर या टेस्ट भरवशाच्या झाल्या तर घरून काम कायम. नाहीतर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं, ते जमत नसलं तर रामराम. ताईंनी गोड आवाजात सांगितलं, पण सांगितलं. पुण्यात मी राहून आलेय. खिडकी उघडली की समोरच्याची खिडकी. मला इथं राहायचंय, जळकोटच्या शिवारात, आमच्या वस्तीवर, हायवेच्या टॉवरची रेंज खात. हे कुणालाच पटत नाही. स्थळं घेऊन येणाऱ्यांना तर मुळीच नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज मजा आली. टेस्ट फेल होते त्या क्षणी तिला पडदा कसा दिसला, ते जपून ठेवायची सोय केली. मग एकच टेस्ट परत परत चालवत बसले. पास, पास, पास, आणि मधेच फेल. जपलेला पडदा उघडून बघितला तर बाण मागच्याच ओळीवर! म्हणजे बाण सरकायच्या आधीच बाईसाहेब बघून मोकळ्या झाल्या. चहा उकळायच्या आत कपात डोकावून 'चहा कुठंय' म्हणणारी पाहुणी असते ना, तशी.

पण मग रोजच का नाही डोकावत? मधेच का? हे कोडं डोक्यातून जाईना. जेवतानाही तेच. माझे वडील, अण्णा, म्हणाले, "हर्षे, घास हातात धरून कुठं गेलीस?"

आमच्या लाईटची कटकट आहेच. वस्तीवरच्या घराची आणि विहिरीवरच्या मोटरची लाईन एकाच डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, येते. अण्णांनी मोटर लावली की बल्ब मान टाकतो, फ्रीज गप्प होतो, आणि तुळजापुरातून आणलेला माझा स्टॅबिलायझर 'टक्' करून लाईट तोडतो आणि हात वर करतो. थोड्या वेळानं परत टक्. दिवसभर हीच टकटक.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ताईंचा फोन आला. मी ओट्यावर बसून बोलत होते आणि नेहमीसारखा माझा आवाज चढला. "ताई, कधी पास, कधी फेल, डोकं फिरायची वेळ आलीय. असंच चाललं तर गेली माझी नोकरी. त्यात इथली लाईट! अण्णांनी मोटर लावली की सगळंच मान टाकतं. माणसानं काम करायचं कसं?"

ताईंनी शांतपणे विचारलं, "लाईट गेली की तुझा लॅपटॉप बंद पडतो?"

"नाही, बॅटरीवर चालू राहतो."

"मग टेस्टचा आणि लाईटचा काय संबंध? हर्षाली, निमित्तं नको सांगू. कारण शोध."

मी चरफडले, पण त्यांचं बरोबरच होतं. काम न जमणारा माणूस पहिल्यांदा लाईटलाच शिव्या देतो.

फोन ठेवून वळले तर अण्णा पायरीवर बसून चप्पल घालत होते. घालतच होते. मी विचारलं, "कांद्याला पाणी झालं का हो?"

"झालं, झालं," म्हणाले आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून गेले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

जमलं! उपाय एवढा सोपा की हसू यावं. हुकूम दिल्यावर टेस्टनं लगेच बघायचं नाही, अर्धा सेकंद दम धरायचा. बस. दिवसभर चालवतेय, एकदाही फेल नाही. मी आनंदानं खुर्चीतच गोल फिरले. आज फ्रीजसुद्धा खुशीत घुरघुरत होता, एकदाही गप्प बसला नाही.

अर्धाच सेकंद का, पाव का नाही, एक का नाही, याचं उत्तर माझ्याकडं नाही. पण चालतंय ना? चालतंय तर कशाला उकरायचं, असं मन म्हणतं. दुसरं मन म्हणतं, उकर. आजच्यापुरतं पहिल्याचं ऐकते.

२ डिसेंबर, मंगळवार

सगळं पास. रोज पास. मी बाकीच्या टेस्टनाही अर्ध्या सेकंदाचं औषध पाजत चाललेय.

अण्णांचं काहीतरी बिनसलंय. आज दुपारी जेवताना ताटावरच डुलकी लागली. हातातला तुकडा आमटीत पडला तेव्हा दचकून उठले. सर्दीही झालीय. मी म्हटलं, "रात्री झोपत नाही का तुम्ही? मोबाईल बघत बसता ना?"

अण्णा नुसते हसले. आई फणकारली, "विच्यार, विच्यार. तूच विच्यार त्यान्ला."

"काय विचारू?"

"काय न्हाय. जेवा गप."

या घरात सरळ उत्तर द्यायची पद्धतच नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

शेजारच्या शेतातले बलभीमकाका आले होते. चहा पिता पिता अण्णांना म्हणाले, "उत्तरेश्वर, मोटर जळाली का काय तुझी? भर दिवसा लाईट असताना बंदच दिसती. रातच्याला मातर बॅटरी घेऊन बांधावर फिरतूस."

"बघतोय जरा," अण्णा म्हणाले.

"बघतोय म्हंजे? मेकॅनिक आणू का?"

"नगं नगं. बरी हाय ती."

काकांनी माझ्याकडं बघितलं, मी खांदे उडवले. मला काय ठाऊक. रात्रीच्या शेतीच्या लाईटचा काही भरवसा नसतो, आली तर आली. दिवसाची सोडून तिच्या मागं लागायचं म्हणजे कमालच झाली. अण्णांचं वय होत चाललंय की काय, असं पहिल्यांदाच मनात आलं.

८ डिसेंबर, सोमवार

आज अण्णांना बोलले. फार बोलले. दुपारी पाणी भरायला बाहेर आले तर हा माणूस कडुलिंबाखाली बाजेवर आडवा, तोंडावर टॉवेल. ऊन चांगलं, लाईट चालू, आणि मोटर बंद. माझं टाळकं सरकलं. "अण्णा, मी इथं नोकरी टिकवायला जिवाचा आटापिटा करतेय, आणि तुम्ही भर दिवसा झोपा काढताय? असं रोज आडवं पडून शेती होत असते का? दिवसाची कामं दिवसा करायची, एक शिस्त लावून घ्या की."

ते उठून बसले. टॉवेल झटकला. "व्हय बाई, चुकलंच."

"कांद्याला पाणी?"

"झालं, झालं."

आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिचं काहीतरी चोरलंय. मग आत जाऊन तिनं भांडी आदळली. मला कळेना, बोलणी अण्णांना बसली तर राग हिला का?

९ डिसेंबर, मंगळवार

ताईंना कळवलं: 'लहरी टेस्ट दुरुस्त झाल्या. माझ्याकडं सलग पास.' त्यांचं उत्तर आलं, 'छान. इथल्या सर्व्हरवर लावून बघते.' मी घरात पेढ्यांचा विषय काढला. अण्णांचा चेहरा असा उजळला, की मला माझंच कालचं बोलणं लागलं. "म्हंजे आता न्हाय ना जायाचं तुला?" एवढंच विचारलं त्यांनी. म्हटलं, "आता कशाला जातेय!" ते कितीतरी वेळ मान हलवत राहिले.

११ डिसेंबर, गुरुवार

मेले.

पुण्याच्या सर्व्हरवर टेस्ट फेल होतायत. सगळ्या नाहीत, दरवेळीही नाहीत. तशाच, लहरी. सगळे एकदम कामं लावतात तेव्हा जास्त, असं ताईंचं म्हणणं. त्यांनी फेल झालेले पडदे पाठवले. बाण मागच्याच ओळीवर. अर्धा सेकंद थांबूनही.

"हर्षाली, थांबायचं किती हे तुला कुणी सांगितलं?" एवढंच त्यांनी विचारलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी अजून सांगितलं नाही. पेढे आणून झालेत.

१२ डिसेंबर, शुक्रवार

काल रडून घेतलं, आज डोकं ताळ्यावर आहे. आणि खरं सांगू, दुःखापेक्षा मला आता उत्सुकताच जास्त आहे. प्रश्न असा: तिकडं फेल होतात तर इथं का नाही होत?

सकाळपासून मी टेस्टनी फेल व्हावं म्हणून धडपडतेय. आयुष्यात पहिल्यांदाच. होतच नाहीत. मग गंमत म्हणून माझा अर्धा सेकंद काढून टाकला. जुन्या, मूळच्या टेस्ट चालवल्या, ज्या नोव्हेंबरात दुपार झाली की फेल व्हायच्याच.

पास. सगळ्या पास.

मी पाणी पिऊन आले आणि परत चालवल्या. पास. म्हणजे माझं औषध कधी लागूच पडलं नव्हतं! रोगी आपोआप बरा झाला आणि वैद्य पेढे वाटत सुटला. मग रोग गेला कुठं? लॅपटॉप तोच, कोड तोच, मी तीच, खोली तीच. नोव्हेंबरात इथं असं काय होतं, जे आता नाही?

काहीतरी गेलंय एवढं नक्की. सारखं वाटतंय की ते माझ्या समोरच आहे.

१४ डिसेंबर, रविवार

कितीही उशीर झाला तरी आजच लिहायला पाहिजे.

येळवस जवळ आलीय. अमावास्येला सगळ्या गावानं रानात जायचं, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून आत पांडव मांडायचे, पूजा करायची, मिसळभाजीची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील खायची, ही आमच्याकडची रीत. कोपीसाठी कडबा न्यायचा होता, म्हणून मीही आई-अण्णांबरोबर निघाले. तीन आठवडे मी अंगणापलीकडं गेलेच नव्हते. विहिरीजवळचे वाफे हिरवेगार. पण आमची कोप होते ती जागा पार शेवटच्या टोकाला, आणि तिथला कांदा बघून मी कडब्याची पेंढी खालीच टाकली. पाती पिवळ्या, शेंडे वाळलेले, आणि जमिनीला पाय जातील एवढ्या भेगा.

"अण्णा! याला पाणी कधी दिलं तुम्ही? झालं झालं म्हणत होतात ना रोज?"

अण्णा खाली बसून पेंढीचा बंध सोडायला लागले. तो काही सुटायला एवढा अवघड नव्हता.

"आता म्या सांगते," आई म्हणाली.

"अगं राहू दे," अण्णा म्हणाले.

"न्हाय राहू देत. लई झालं. शिस्त लावा म्हणती बापाला!" आईचा आवाज फाटला. "तू फोनवर वरडत व्हतीस ना, की मोटर लावली की तुझं समदं मान टाकतं, नोकरी जाती? त्या दिवसापस्नं दिवसा मोटर लावली न्हाय यांनी. तू त्या यंत्रापुढून उठली की मग. न्हायतर रातच्याला लाईटची वाट बघत विहिरीवर बसायचं, थंडीत. आली तर जवळचे वाफे भिजत्यात. हितवर पाणी पोचायच्या आत ती जाती."

मी एकदम सगळंच बोलून टाकलं. "मी असं नव्हतं म्हटलं! मी नुसती कटकट करत होते. ताईसुद्धा म्हणाल्या, लाईटचा संबंध नाही. मला विचारायचं तरी!"

"तुला इच्यारलं असतं तर तू म्हणली असतीस, लावा मोटर," अण्णा म्हणाले. "अन् फेल झालं असतं मग? कांदा काय, फुडल्या साली बी येतोय."

मी भेगाळलेल्या वाफ्यावर बसून भोकाड पसरलं, एवढी मोठी पोरगी. आई उगी उगी म्हणेना, तिचा राग अजून उतरला नव्हता. अण्णाच डोक्यावरून हात फिरवत होते. मी ज्या माणसाला भर दुपारी झोपाळू म्हटलं, तो माझ्यासाठी जागत होता.

आणि रडता रडताच डोक्यात टक् झालं. अगदी स्टॅबिलायझरसारखं.

नोव्हेंबरात होतं आणि आता नाही, ते काय? मोटर!

"अण्णा, मोटर लावा."

"आता?"

"आत्ताच्या आत्ता! मी घरी पळते. मी पोचले की लावा."

"अगं, तुझं फेल झालं म्हंजे?"

"फेलच व्हायला पाहिजे मला, अण्णा! देवाच्यानं, फेलच व्हायला पाहिजे!"

त्यांनी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "काम करून करून डोक्यावर परिणाम झालाय पोरीच्या." पण ते विहिरीकडं गेले.

मी घरी येऊन टेस्ट लावल्या. पास, पास, पास. लांबून स्टार्टरचा आवाज आला, बल्बनं मान टाकली, फ्रीज गप्प, स्टॅबिलायझर टक्. आणि दोन टेस्ट पास होऊन तिसरी फेल! पुढची फेल! मी अशी ओरडले, की शेजारच्या रानातनं बलभीमकाका धावत आले. त्यांना वाटलं साप निघाला.

१५ डिसेंबर, सोमवार

आता सगळं दिसतंय. लाईट पडली की लॅपटॉप बंद पडत नाही, बॅटरीवर जातो. हे मला माहीत होतं, ताईंना माहीत होतं, आणि तिथंच आम्ही दोघी विचार करायचं थांबलो. बॅटरीवर गेल्यावर तो चार्ज जपायला सावकाश चालतो, हे कुणी लक्षातच घेतलं नाही. पुण्याचा सर्व्हरही तसाच, सगळे एकदम कामं लावतात तेव्हा सावकाश होतो. म्हणजे लाईट हे निमित्त नव्हतं ताई, कारण होतं. अर्धं कारण.

उरलेलं अर्धं आज सापडलं. अण्णांना सांगितलं, दिवसभर मोटर चालू ठेवा. आणि मी सावकाश चालणाऱ्या पडद्याकडं डोळे लावून बसले. 'पुढं' म्हणून हुकूम दिला. खाली लगेच खूण आली, झालं, पुढचं सांगा. आणि वरचा बाण? तो अजून मागच्याच ओळीवर! मग हळूच सरकला. परत केलं. परत तेच. एरवी हे इतक्या झटकन होतं की माणसाला दिसतच नाही.

म्हणजे डीबगरच आधी 'झालं' म्हणतो आणि काम मागून करतो. आणि टेस्ट बिचारी त्या 'झालं'वर विसंबून वर बघते, तर झालेलं नसतं. ती लहरी नव्हतीच. ती खरं सांगत होती आणि आम्ही सगळे मिळून तिलाच दटावत होतो. मी तर तिला अर्धा सेकंद तोंड मिटून बसायला लावलं होतं.

अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. म्हंजे आता लावायची का बंद करायची?"

"लावायची. रोज. दिवसा."

"बघ हां."

"अण्णा, लावायची!"

आणि मग मी कालपासून जे सांगायचं राहिलं होतं ते बोलले. "मी तुम्हाला झोपा काढता म्हटलं. मला माफ करा."

"झोप तर काढतच व्हतो की," अण्णा म्हणाले, "खोटं कुठं बोललीस."

१७ डिसेंबर, बुधवार

दोन दुरुस्त्या केल्या. डीबगरनं आधी बाण सरकवायचा, मगच खूण द्यायची. आणि टेस्टनं घड्याळ बघून दम धरायचा नाही. बाण हवा तिथं आलेला दिसेपर्यंत बघत राहायचं, फारच उशीर झाला तर मात्र ओरडायचं. अर्धा सेकंद मी माझ्या हातानं पुसला.

ताईंना व्हिडिओवर बोलावलं आणि आधी जुना प्रकार दाखवला. "थांबा हं ताई," म्हणून खिडकीतून हाक मारली, "अण्णाऽ, लावा!" टक् झालं, फेल. "अण्णाऽ, बंद करा!" पास. ताई पडद्याच्या अगदी जवळ आल्या. "परत कर," म्हणाल्या. परत केलं. मग नव्या टेस्ट लावल्या. मोटर चालू, बल्ब मेल्यासारखा, लॅपटॉप बॅटरीवर रखडतोय, आणि टेस्ट मात्र पास, पास, पास. सावकाश, पण पास.

ताई खुर्चीत मागं टेकल्या. मग म्हणाल्या, "मीच म्हटलं होतं ना, लाईटचा काय संबंध म्हणून? माझं चुकलं. ही चूक आपल्याकडं कधीपासून आहे कुणास ठाऊक. इथं ऑफिसात सगळ्यांचे लॅपटॉप कायम प्लगला लावलेले. कुणाला दिसणार?"

"ताई, मग माझं?"

"आधी सर्व्हरवर दोन दिवस चालू दे," म्हणाल्या. हसत होत्या, पण शब्द दिला नाही. त्या बरोबरच वागल्या, माझ्या नुसत्या 'झालं'वर त्या एकदा फसल्यात.

१९ डिसेंबर, शुक्रवार, येळवस

पहाटे उठून आईबरोबर उंडे वळले. भज्जीचा वास अजून हाताला आहे. डोक्यावर टोपली घेऊन सगळे रानात गेलो. कोपीत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले, पूजा झाली. अण्णांनी आंबिलीचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, घेऊन आरोळी देत रानाला फेरा घातला. बलभीमकाकाही जेवायला होते. ते सगळ्यांना सांगत होते, की या पोरीला नापास झालं की नाचायला येतं.

जेवताना ताईंचा मेसेज आला. सर्व्हरवर एकही फेल नाही. घरून काम कायम, पत्र सोमवारी येईल. खाली लिहिलं होतं, 'आमच्या अक्कलकोटकडंही आज येळवस. माझ्या वाटची भज्जी खा. आणि यापुढं टेस्ट सर्व्हरवर चढवायच्या आधी तुझ्याकडं चालवायच्या, अण्णांना मोटर लावायला सांगून.'

मी वाचून दाखवलं. आईनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "आंबील तिखट झालीय जरा." तिचा राग तेव्हा उतरला. अण्णांनी मेसेज दोनदा वाचायला लावला. मोटरचं नाव आलं की दोन्ही वेळेला मान डोलावली.

पण मी बसले होते तिथून शेवटचे वाफे दिसत होते. चार दिवस दिवसा पाणी मिळून निम्मा कांदा सावरलाय. बांधाकडची पट्टी मात्र गेली, तिच्यात आता कांदा धरणार नाही. अण्णा म्हणतात त्यात मेथी टाकू. ते तसं म्हणतात खरं, पण पट्टीकडं न बघता म्हणतात. माझ्या नोकरीचं मोल त्या पट्टीनं भरलंय, हे मी विसरणार नाही.

उन्हं कलली तशी सगळं आवरून निघालो. अण्णांनी मघाशीच मोटर लावून पाणी सोडलं होतं. ते स्टार्टर बंद करायला निघाले तेव्हा मी विचारलं, "शेवटच्या वाफ्याला पोचलं का?"

"झालं, झालं," म्हणाले.

मी टोपली आईच्या हातात दिली, चप्पल काढली आणि वाफ्यावाफ्यातून चालत गेले. पहिल्यात पाय रुतला. मधल्यात चिखल होता. गेलेल्या पट्टीच्या अलीकडं, शेवटच्या वाफ्यात बोटं घालून बघितली, माती कोरडीच होती.

तिथनंच हाक मारली, "अण्णाऽ, अजून न्हाय झालं! चालू ठेवा!"

ते लांबून हसले आणि स्टार्टरवरचा हात काढला. पाणी येईपर्यंत मी तिथंच बसून राहिले.